हॉलंडचा पहिला युरोपियन कप रॉटरडॅमचा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या क्रीडा पुरवणीत डच फुटबॉलच्या इतिहासावर पानभर लेख प्रसिद्ध झाला. क्रिकेटचा हंगाम ऐन भरात असताना मराठी दैनिकाने या विषयाला पूर्ण पान द्यावे याचा आनंद आहे आणि लेख वाचनीय उतरला आहे हेही मान्य केले पाहिजे. परंतु त्यातील एक विधान सरळसरळ चुकीचे आहे आणि त्या विधानामागची समजूत त्याहून अधिक चुकीची आहे, म्हणून हे पत्र लिहीत आहे. युरोपियन कप, म्हणजे युरोपातील देशोदेशींच्या विजेत्या क्लबांची स्पर्धा (आजची चॅम्पियन्स लीग), हॉलंडमध्ये पहिल्यांदा आला तो १९७१ साली, अ‍ॅमस्टरडॅमच्या आयाक्स क्लबमुळे, असे लेखात म्हटले आहे. वस्तुस्थिती अशी की त्याच्या आदल्या वर्षी, ६ मे १९७० रोजी, तो रॉटरडॅमच्या फायेनोर्ट या क्लबने जिंकला होता. त्या क्लबची लेखात ‘आयाक्सचा पारंपरिक प्रतिस्पर्धी’ एवढ्या तीन शब्दांवर बोळवण झाली आहे.

मी फुटबॉलचा जाणकार नाही. व्यापारी जहाजांवर इंजिन-रूममध्ये आयुष्य गेले आणि १९८० च्या दशकात, रॉटरडॅम हे जगातले सर्वांत मोठे बंदर असताना, आमची बोट तेथे अनेकदा लागत असे. माल उतरवायला येणारे गोदी कामगार आपल्या क्लबाविषयी ज्या जिव्हाळ्याने, आणि खरे सांगायचे तर ज्या कडवटपणाने बोलत, त्यातून मला हा क्लब कळला. पुढे निवृत्तीनंतर सवड मिळाली तसा त्याचा इतिहास वाचत गेलो. त्यांची तक्रार तेव्हाही हीच होती की कप आम्ही आधी आणला आणि नाव मात्र अ‍ॅमस्टरडॅमचे झाले. पन्नासहून अधिक वर्षांनी तीच चूक माझ्या मातृभाषेतील वर्तमानपत्रात छापून आलेली पाहिली, तेव्हा गप्प बसवेना.

आधी नावाविषयी थोडेसे. लेखात ‘फेयेनूर्ड’ असे छापले आहे. डच भाषेत दोन ‘ओ’ लागोपाठ आले की उच्चार दीर्घ ‘ओ’ असा होतो, ‘ऊ’ नव्हे, आणि शब्दाच्या शेवटी येणारा ‘ड’ हा ‘ट’सारखा ऐकू येतो. त्यामुळे गोदीत कानावर पडत असे ते ‘फायेनोर्ट’ याच्या जवळपासचे. या चुकीबद्दल लेखकाला दोष देता येणार नाही, कारण परदेशी माणसांची जीभ या नावावर अडखळते हे खुद्द क्लबालाच उमगले होते. मूळ लेखनात ‘आय’ आणि ‘जे’ ही अक्षरे जोडून येत. युरोपात नाव झाल्यावर १९७४ साली क्लबाने त्या जागी ‘वाय’ घातला. ज्या वस्तीवरून क्लबाने नाव घेतले तिचे लेखन मात्र आजही जुन्या पद्धतीनेच होते.

ती वस्ती समजल्याशिवाय हा क्लब समजत नाही. मास नदी रॉटरडॅमचे दोन तुकडे करते. उत्तर तीरावर जुने शहर, व्यापाऱ्यांच्या पेढ्या आणि नगरभवन. दक्षिण तीरावर पूर्वी शेते आणि गावे. समुद्राकडे जाणारा नवा जलमार्ग १८७२ मध्ये खुला झाला, दक्षिणेकडे एकामागून एक गोद्या खणल्या गेल्या आणि ब्राबांट, झीलंड या प्रांतांतील भूमिहीन मजूर कामाच्या शोधात तेथे येऊन राहिले. उत्तरेचे लोक या भागाला ‘शेतकऱ्यांची बाजू’ म्हणत आणि त्यात कौतुकाचा भाग फारसा नसे. शहरातला प्रतिष्ठितांचा क्लब होता स्पार्टा. हॉलंडमधील आजच्या व्यावसायिक क्लबांमध्ये तो सर्वांत जुना आणि मराठी वाचकाला गंमत वाटेल अशी गोष्ट म्हणजे १८८८ साली त्याची स्थापना झाली ती क्रिकेट क्लब म्हणून. फुटबॉल मागाहून आला. स्पार्टाने १९०९ ते १९१५ या काळात पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. दक्षिण तीरावरच्या पोरांना तेथे कोण विचारणार?

त्या पोरांनी १९ जुलै १९०८ रोजी एका कॅफेत बसून स्वतःचा क्लब काढला आणि त्याला तत्कालीन राणीचे, विल्हेल्मिना हे नाव दिले. पुढच्या चार वर्षांत नाव तीनदा बदलले. कधी वस्तीचे नाव, कधी ‘सेलेरिटास’ असे भारदस्त लॅटिन नाव. परंतु राष्ट्रीय संघटनेत प्रवेश मिळाला तेव्हा त्याच नावाचा दुसरा क्लब आधीपासून नोंदलेला निघाला आणि १९१२ मध्ये नाइलाजाने वस्तीचेच नाव घ्यावे लागले. ते टिकले. १९२४ मध्ये फायेनोर्ट पहिल्यांदा देशाचा विजेता झाला, १९२८ मध्ये पुन्हा. त्या पिढीचा म्होरक्या म्हणजे पुक फान हेल. हा मधल्या फळीतला खेळाडू हॉलंडकडून ६४ सामने खेळला आणि त्याचा तो राष्ट्रीय विक्रम चाळीसएक वर्षे अबाधित राहिला.

यानंतर या क्लबाने जे केले ते माझ्या मते कोणत्याही चषकापेक्षा मोठे आहे आणि आपल्या लेखात त्याचा उल्लेखही नाही. क्लबाचे अध्यक्ष लेन फान झांडव्लीट यांनी १९३० च्या दशकाच्या आरंभी, म्हणजे जागतिक मंदीने बंदर ओस पडले असताना, ६० हजारांहून अधिक प्रेक्षक बसतील असे मैदान बांधण्याचा घाट घातला. शहराची लोकसंख्या तेव्हा सहा लाखांच्या आसपास. म्हणजे तान्ह्या मुलांसकट दर दहा माणसांमागे एकाला जागा. लोकांनी वेड्यात काढले असणार. परंतु बंदरातील धनाढ्य व्यापारी फान ब्यूनिंगन यांच्यासारख्यांचे पैसे मागे उभे राहिले आणि ब्रिंकमन व फान डेर व्लुख्ट या वास्तुविशारदांनी आराखडा केला. याच जोडीने रॉटरडॅममधला फान नेले हा चहा, कॉफी व तंबाखूचा कारखाना उभारला होता, जो २०१४ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. काच आणि पोलाद यांतून हलकी, उजेडाची इमारत कशी उभी करायची हे त्यांना ठाऊक होते. मैदानाच्या चारी बाजूंनी फिरणारा दुमजली सज्जा त्यांनी असा टांगला की खांब आड येऊन कोणाचाही खेळ पाहायचा राहू नये. १६ सप्टेंबर १९३५ रोजी पायाचा पहिला खांब ठोकायचा मान पुक फान हेलला मिळाला आणि २७ मार्च १९३७ रोजी बेल्जियमच्या बीरस्कॉट संघाविरुद्ध ५-२ अशा विजयाने मैदान सुरू झाले. लोक त्याला ‘दे कौप’ म्हणतात. कौप म्हणजे टब. आपल्याकडचे घंगाळ डोळ्यांसमोर आणले तर आकार नेमका ध्यानात येईल.

या मैदानाचे पुढचे नशीब शहरासारखेच निघाले. १४ मे १९४० रोजी जर्मन विमानांनी रॉटरडॅमचे मध्यवर्ती शहर पंधरा मिनिटांच्या आत जमीनदोस्त केले. सुमारे ८० हजार माणसे बेघर झाली. मैदान नदीच्या पलीकडे असल्यामुळे वाचले. त्यातील पोलाद भंगारात काढायचा जर्मनांचा विचार होता, तो तडीस गेला नाही. परंतु १० आणि ११ नोव्हेंबर १९४४ रोजी जर्मनांनी रॉटरडॅम व शेजारच्या स्कीडामला वेढा घालून १७ ते ४० वयाचे सुमारे ५० हजार पुरुष वेठबिगारीसाठी पकडून नेले, तेव्हा त्यांतील अनेकांना एकत्र करण्याची जागा म्हणून हेच मैदान वापरले गेले. ज्या सज्ज्यांवर बसून बापलेकांनी गोल मोजले, त्याच सज्ज्यांखालून त्यांना जर्मनीकडे रवाना करण्यात आले. क्लबाविषयी रॉटरडॅमच्या म्हाताऱ्या माणसांच्या आवाजात जे काही भरून येत असे, त्याचा उगम मला तरी या दोन दिवसांत दिसतो.

हॉलंडमध्ये व्यावसायिक फुटबॉलला मान्यता मिळाली १९५४ साली, म्हणजे इंग्लंडच्या पुष्कळ नंतर, आणि आजची राष्ट्रीय लीग १९५६ पासूनची. तेव्हापासून फायेनोर्ट कधीही खालच्या श्रेणीत गेलेला नाही. १९६१ आणि १९६२ अशी लागोपाठ दोन विजेतेपदे त्याने मिळवली. डाव्या बगलेवरचा कून मोलैन हा तेव्हाचा लाडका खेळाडू. बचावपटूला आत खेचल्याचा भास करून ऐन वेळी बाहेरून निसटणे ही त्याची एकच खोड, सर्वांना माहीत असलेली, आणि तरी कोणालाही न अडवता आलेली. १९६३ मध्ये क्लब युरोपियन कपच्या उपांत्य फेरीत पोहोचला आणि परतीचा सामना मे महिन्यात लिस्बनमध्ये बेनफिकाशी होता. त्या वेळी समर्थक कसे गेले हे मी बोटीवरचा माणूस असल्यामुळे विसरू शकत नाही. ‘ग्रोटे बेअर’ आणि ‘वाटरमान’ ही दोन जहाजे भरून ते समुद्रमार्गे लिस्बनला गेले. ही जहाजे एरवी कायमचा देश सोडून जाणाऱ्या डच कुटुंबांना कॅनडा-ऑस्ट्रेलियाला नेणारी. धक्क्यावरून तोवर रडारड ऐकू यायची, त्या दिवशी ताशे आणि तुताऱ्या वाजल्या असतील. सामना ३-१ असा गमावला. परंतु हॉलंडमधील एका क्लबामागे माणसे परदेशी जातात ही प्रथा तेथून पडली आणि ती पाडली रॉटरडॅमने.

आता मुख्य मुद्दा, १९७०. १९६९ साली आयाक्स युरोपियन कपच्या अंतिम सामन्यात पोहोचला होता आणि ए. सी. मिलानने त्याचा ४-१ असा धुव्वा उडवला होता. त्याच वर्षी फायेनोर्टने देशातील लीग आणि चषक दोन्ही जिंकले आणि व्हिएन्नाचे एर्न्स्ट हापेल यांना प्रशिक्षक म्हणून आणले. हापेल त्याआधी हेगच्या क्लबात होते. अत्यंत मितभाषी गृहस्थ. परंतु मैदानाची मापे त्यांच्या डोक्यात होती. नव्या मोसमात फायेनोर्टने पहिल्या फेरीत आइसलंडच्या रेक्याविक संघावर एकाच सामन्यात १२ गोल चढवले, ते सोडून देऊ. दुसऱ्या फेरीत समोर आला तोच गतविजेता मिलान. मिलानमध्ये ०-१ अशी हार, रॉटरडॅममध्ये २-० असा विजय. आयाक्सला ज्याने लोळवले त्याला सहा महिन्यांत फायेनोर्टने स्पर्धेबाहेर काढले, हे लेखकाच्या नजरेतून कसे निसटले याचे आश्चर्य वाटते. पुढे पूर्व बर्लिनचा फोरव्हेर्ट्स, मग वॉर्साचा लेगिया. दोघांनाही दे कौपमध्ये २-० असे हरवून संघ अंतिम सामन्यासाठी पुन्हा मिलानच्याच सान सिरो मैदानावर उतरला.

समोर होता ग्लासगोचा सेल्टिक. १९६७ चा विजेता आणि उपांत्य फेरीत लीड्सला नमवून आलेला. ब्रिटिश वृत्तपत्रांच्या दृष्टीने निकाल ठरलेलाच होता. हापेल यांनी एक धाडस असे केले की नेहमीचा गोलरक्षक बाजूला ठेवून ३६ वर्षांच्या एडी पीटर्स ग्राफलंडला उभे केले. तिसाव्या मिनिटाला टॉमी गेमेलने सेल्टिकला आघाडी मिळवून दिली. दोनच मिनिटांत कर्णधार रीनुस इस्राएलने हेडरवर बरोबरी साधली. त्यानंतर सामना खऱ्या अर्थाने मधल्या फळीत खेळला गेला. सेल्टिकचे तेथे दोघे, फायेनोर्टचे तिघे : ऑस्ट्रियाचा फ्रान्झ हासिल, धावपळीला न थकणारा विम यान्सन आणि विलेम फान हानेखेम. या फान हानेखेमला लोक ‘वाकडा’ म्हणत, कारण डाव्या पायाच्या बाहेरच्या कडेने तो चेंडूला असा बाक देई की तो बचावपटूला वळसा घालून सहकाऱ्याच्या पायाशी येऊन थांबे. त्याला धावण्याची घाई कधीच नसे. घाई चेंडूने करावी, असे त्याचे धोरण. जादा वेळ संपायला तीन-चार मिनिटे उरली असता सेल्टिकच्या गोलपुढे एक लांब चेंडू आला, मागे सरकताना तोल गेलेल्या कर्णधार बिली मॅकनीलने तो हाताने अडवला, इटालियन रेफ्री लो बेल्लो यांनी शिट्टी न फुंकता खेळ चालू ठेवला आणि स्वीडनच्या ऊवे शिंडव्हालने गोलरक्षकाच्या डोक्यावरून चेंडू जाळ्यात धाडला. २-१. डच संघाने जिंकलेला हा पहिला युरोपियन कप.

यातील दोन बारकावे येथे नोंदवावेसे वाटतात. त्या रात्रीचा गोलरक्षक पीटर्स ग्राफलंड आणि डावा बचावपटू तेओ फान दाऊफेनबोडे हे दोघेही पूर्वी आयाक्सचे खेळाडू. फान दाऊफेनबोडे तर आदल्या वर्षीच्या त्या ४-१ च्या पराभवात आयाक्सकडून खेळला होता आणि नंतर त्याला तेथून जाऊ देण्यात आले होते. दुसरी गोष्ट विम यान्सनची. सेल्टिकला हरवणारा हाच यान्सन १९९७-९८ च्या मोसमात सेल्टिकचा प्रशिक्षक झाला, दहा वर्षांनी त्या क्लबाला स्कॉटलंडची लीग जिंकून दिली आणि प्रतिस्पर्धी रेंजर्स क्लबाची लागोपाठ दहाव्या विजेतेपदाची वाट अडवली.

आपल्या लेखाचा गाभा ‘टोटल फुटबॉल’, म्हणजे कोणत्याही खेळाडूने कोणाचीही जागा घेण्याची पद्धत, हा आहे आणि त्याचे सारे श्रेय आयाक्सचे प्रशिक्षक रीनुस मिखेल्स व त्यांचा खेळाडू योहान क्रॉयफ यांना दिले आहे. त्यांचे श्रेय कोणी नाकारू शकत नाही. परंतु १९७० पर्यंत मिखेल्स मधल्या फळीत दोघे आणि पुढे चौघे अशी रचना लावत. एप्रिल १९७० मध्ये फायेनोर्टशी झालेल्या ३-३ अशा बरोबरीच्या सामन्यात त्या दोघांची हासिल-यान्सन-फान हानेखेम यांच्यापुढे जी फरपट झाली, तिच्यानंतर मिखेल्सनीही मध्ये तिसरा माणूस उभा केला. ज्या मांडणीने आयाक्सने पुढची तीन वर्षे युरोप गाजवला, तिचा धडा त्याला रॉटरडॅमने दिला होता. १९७४ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात हॉलंडचे मिडफील्ड होते यान्सन, नेस्केन्स आणि फान हानेखेम. तिघांपैकी दोघे फायेनोर्टचे. मागे विम राइसबर्गन तिसरा, आणि तो जखमी झाल्यावर बदली म्हणून आलेला तेओ डी याँग चौथा. त्या संघाला आयाक्सचा संघ म्हणण्याची जी पद्धत पडली आहे, तिला एवढे नामपत्रक पुरे आहे.

१९७० च्याच सप्टेंबरमध्ये फायेनोर्टने अर्जेंटिनाच्या एस्टुडियान्टेसला हरवून युरोप आणि दक्षिण अमेरिका यांच्या विजेत्या क्लबांमधला आंतरखंडीय चषकही जिंकला, हादेखील हॉलंडसाठी पहिलाच. ब्युनॉस आयर्समध्ये ०-२ अशा पिछाडीवरून २-२ अशी बरोबरी, आणि दे कौपमध्ये बदली खेळाडू योप फान डाले याचा एकमेव गोल. फान डाले चष्मा लावून खेळत असे. गोल झाल्यावर चिडलेल्या प्रतिस्पर्ध्याने तो चष्मा हिसकावून मोडून टाकला. रॉटरडॅममध्ये गोलापेक्षा तो चष्माच अधिक प्रसिद्ध आहे.

येथे न्यायाने हेही सांगितले पाहिजे की फायेनोर्टचे राज्य फार टिकले नाही. गतविजेता म्हणून पुढच्या स्पर्धेत उतरलेला हा संघ पहिल्याच फेरीत रोमानियाच्या अराड गावच्या संघाकडून, एकूण गोल समान असूनही प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावरील गोलांच्या नियमाने बाद झाला, आणि त्याच मोसमात आयाक्सने कप जिंकून पुढे तो सलग तीन वर्षे स्वतःकडे ठेवला. त्यांतला दुसरा, १९७२ चा, त्यांनी जिंकला तो दे कौपमध्येच, इंटर मिलानविरुद्ध. घरच्या अंगणात शेजाऱ्याचे लग्न लागावे तसा तो प्रकार. १९७४ मध्ये फायेनोर्टने टॉटनहॅमला हरवून यूएफा कप, म्हणजे युरोपातील क्लबांची दुसरी एक स्पर्धा, जिंकली. तो कपही कोणत्याही डच क्लबाचा पहिला. परंतु तोवर क्रॉयफच्या कीर्तीचा झोत एवढा प्रखर झाला होता की बाजूला उभे असलेले कोणी दिसेनासे झाले. पुस्तके लिहिणारे, चित्रपट काढणारे, परदेशी वार्ताहर हे सारे अ‍ॅमस्टरडॅममध्ये उतरत. रॉटरडॅमला उतरत असे तो माल.

क्रॉयफविषयी लेखात इतके आले आहे, तर त्याचा शेवटचा मोसम तरी यायला हवा होता. १९८३ मध्ये आयाक्सने त्याचा करार वाढवायला नकार दिला. वय ३६. त्याने थेट फायेनोर्टशी करार केला. सप्टेंबरमध्ये आयाक्सने फायेनोर्टला ८-२ असे चिरडले, तेव्हा अ‍ॅमस्टरडॅममध्ये हशा पिकला. मोसम संपला तेव्हा लीग आणि चषक दोन्ही फायेनोर्टकडे होते, तरुण रूड गुलिट त्याच्या बाजूला खेळून तयार झाला होता आणि क्रॉयफने तेथेच बूट खुंटीला टांगले. गोदीतले लोक मात्र हा मोसम काहीशा अवघडलेपणाने आठवत. जिंकलो खरे, पण त्यांच्या माणसाच्या जिवावर, ही सल मी स्वतः ऐकली आहे.

या दोन क्लबांच्या वैराला एक ओंगळ बाजूही आहे आणि रॉटरडॅमची बाजू घेताना ती लपवणे बरे नव्हे. १९९७ मध्ये बेव्हरवाइक गावाजवळ दोन्हीकडच्या टोळ्यांनी ठरवून केलेल्या मारामारीत अ‍ॅमस्टरडॅमचा एक समर्थक मारला गेला. २००६ मध्ये फ्रान्सच्या नान्सी शहरात फायेनोर्टच्या समर्थकांनी केलेल्या दंगलीमुळे क्लबाला यूएफा कपमधून काढून टाकण्यात आले. आयाक्सचे नाव अ‍ॅमस्टरडॅमच्या ज्यू समाजाशी जोडले गेल्यामुळे त्यांच्याविरुद्ध दिल्या जाणाऱ्या घोषणा तर ज्या शहराने स्वतः नाझी बॉम्ब झेलले त्याला लाज आणणाऱ्या आहेत. २००९ पासून या दोन संघांच्या सामन्यांना पाहुण्या क्लबाच्या समर्थकांना प्रवेश दिला जात नाही.

नंतरचा काळ थोडक्यात सांगतो. १९९३ आणि १९९९ ची विजेतेपदे झाली. ८ मे २००२ रोजी यूएफा कपचा अंतिम सामना योगायोगाने दे कौपमध्येच होता आणि पीएर फान होइडोंकच्या दोन गोलांच्या बळावर फायेनोर्टने बोरुसिया डॉर्टमुंडला ३-२ असे हरवले. परंतु दोनच दिवस आधी रॉटरडॅमचे राजकारणी पिम फॉर्तउन यांची गोळ्या घालून हत्या झाली होती आणि त्या जल्लोषावर तिचे सावट होते. मग पैशाची ओढाताण सुरू झाली. २४ ऑक्टोबर २०१० रोजी पीएसव्हीने आइंडहोव्हनमध्ये या क्लबाला १०-० असे हरवले. त्या संघात क्लबाच्या प्रबोधिनीतली तरुण मुले बरीच होती, कारण खेळाडू विकत घ्यायला तिजोरीत काही नव्हते. पण स्टेफान दे व्रे, जॉर्जिनियो वैनाल्डम यांच्यासारखी त्या पिढीतली मुले चार वर्षांनी विश्वचषकात तिसरा क्रमांक मिळवणाऱ्या डच संघात होती, ही गोष्ट त्या दहा गोलांबरोबर सांगितली जात नाही.

१८ वर्षांच्या खंडानंतर लीग पुन्हा आली ती १४ मे २०१७ रोजी. आदल्या आठवड्यात शहरातल्याच छोट्या एक्सेल्सियर क्लबाने ३-० असे हरवून सगळ्यांचा जीव टांगणीला लावला होता. शेवटच्या सामन्यात हेराक्लेसविरुद्ध ३६ वर्षांच्या डिर्क काउटने पहिल्याच मिनिटात गोल केला, एकूण तीन केले आणि त्यानंतर खेळातून निवृत्ती घेतली. १४ मे ही बॉम्बहल्ल्याची तारीख. नगरभवनासमोरच्या कोलसिंगल रस्त्यावरचा सत्कार दुसऱ्या दिवशी झाला. २०२३ मध्ये आर्ने स्लॉट यांच्या मार्गदर्शनाखाली क्लबाने सोळावे राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. पुढच्या वर्षी राष्ट्रीय चषक जिंकून ते लिव्हरपूलला गेले, हे तरी इंग्लिश लीग पाहणाऱ्या आपल्या वाचकांना ठाऊक असेल. आणि मैदान? नदीकाठी ६३ हजार आसनांचे नवे मैदान बांधण्याची योजना बरीच वर्षे चालली आणि २०२२ मध्ये गुंडाळली गेली. फान झांडव्लीट यांनी मंदीच्या काळात जे पेलले ते आजच्या सुबत्तेत पेलता आले नाही. मला स्वतःला यात वाईट वाटत नाही. घंगाळ जुने झाले तरी तांब्याचे असले की मोडीत देऊ नये.

हा विषय आपल्यापासून फार दूरचा आहे असेही नाही. इंडियन सुपर लीग २०१४ साली सुरू झाली तेव्हा दिल्ली डायनामोज या संघाने सहकार्यासाठी निवडलेला परदेशी क्लब फायेनोर्टच होता. आपल्या पुरवणीत त्या काळी त्या सामन्यांचे वृत्तांत येत असत.

तेव्हा विनंती एवढीच की, पुढील रविवारच्या पुरवणीत दुरुस्ती छापावी : युरोपियन कप जिंकणारा पहिला डच क्लब फायेनोर्ट, रॉटरडॅम, तारीख ६ मे १९७०, स्थळ सान सिरो, मिलान, प्रशिक्षक एर्न्स्ट हापेल, कर्णधार रीनुस इस्राएल. जागा अपुरी असेल तर माझे हे पत्र छापले नाही तरी चालेल, दुरुस्ती मात्र वगळू नये.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
एक निवृत्त जहाज-अभियंता
देवगड, जि. सिंधुदुर्ग